माँटेस्क्यूची 'निरंकुश सत्ता' आणि माळव्याची कागदपत्रे : एक चिकित्सा

प्रस्तावना

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत माँटेस्क्यूचे नाव सत्ताविभाजनाच्या प्रकरणात येते आणि तेथेच संपते. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ या तीन सत्ता एका हाती एकवटल्या तर स्वातंत्र्य उरत नाही, हा त्याचा सिद्धांत विद्यार्थ्यांना पाठ असतो. परंतु ज्या ग्रंथात हा सिद्धांत आला, त्याच ग्रंथात आशियातील राज्यांविषयी एक संपूर्ण मांडणी आहे, आणि तिच्याकडे मराठी अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. तुर्कस्तान, इराण आणि मोगल हिंदुस्थान येथे कायदा नाही, खाजगी मालमत्ता नाही आणि प्रजेच्या मनात भीतीखेरीज दुसरी प्रेरणा नाही, असे ही मांडणी सांगते. पुढे दीडदोनशे वर्षे भारताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ती कमीअधिक फरकाने स्वीकारली.

प्रस्तुत लेखात या मांडणीची तपासणी उज्जैन व माळवा या प्रदेशाच्या आधारे केली आहे. ही निवड सहेतुक आहे. माळवा हा मोगल साम्राज्याचा सुभा होता, नंतर तो मराठ्यांकडे आला आणि १८१८ नंतर इंग्रजांच्या वर्चस्वाखाली गेला. तीन राजवटी बदलल्या तरी तेथील कागदपत्रांत काही गोष्टी टिकून राहिल्या. त्या कोणत्या, हे पाहिले म्हणजे माँटेस्क्यूचे काय चुकले हे कळते; आणि त्याचे काय बरोबर होते, हेही कळते. दुसरी बाजू सोडून दिली तर चिकित्सा केवळ बचावाचे भाषण होऊन बसते.

१. माँटेस्क्यूची मांडणी

माँटेस्क्यू (१६८९-१७५५) हा फ्रान्समधील बोर्दो येथील न्यायालयाचा एक वरिष्ठ न्यायाधीश होता. हे पद त्याला १७१६ मध्ये काकाकडून वारशाने मिळाले आणि १७२६ मध्ये त्याने ते विकले. फ्रान्समध्ये त्या काळी न्यायाधीशाचे पद ही मालमत्ता होती, हे येथे लक्षात ठेवावे; त्याचा संबंध पुढे येणार आहे. १७२१ मध्ये त्याचे 'पर्शियन लेटर्स' आणि १७४८ मध्ये जिनिव्हा येथून, लेखकाच्या नावाशिवाय, 'द स्पिरिट ऑफ द लॉज' प्रसिद्ध झाले.

या दुसऱ्या ग्रंथात तो शासनाचे तीन प्रकार मानतो: प्रजासत्ताक, राजेशाही आणि निरंकुश सत्ता. प्रत्येकाची चालक प्रेरणा वेगळी. प्रजासत्ताकात नागरिकांचा सद्गुण, राजेशाहीत मानमरातबाची चाड आणि निरंकुश सत्तेत भीती. राजेशाही व निरंकुश सत्ता या दोहोंत एकच माणूस राज्य करतो. पण राजेशाहीत तो ठरलेल्या कायद्यांनी बांधलेला असतो आणि त्याच्या व प्रजेच्या मध्ये सरदार, न्यायालये, नगरे, धर्मसंस्था अशा मधल्या सत्ता उभ्या असतात. निरंकुश सत्तेत मध्ये कोणीच नसते. राजाची लहर हाच तेथे कायदा.

या विभागणीला त्याने भूगोलाची जोड दिली. उष्ण हवेत शरीर सैलावते, मन भित्रे होते आणि गुलामी सोसवते, असे त्याचे म्हणणे. यासाठी त्याने मेंढीची जीभ गोठवून तिच्यावरील सूक्ष्म उंचवटे थंडीने आक्रसतात हे पाहिले होते. मध्यम शासन ख्रिस्ती धर्माशी जुळते आणि निरंकुश शासन इस्लामशी, असेही तो म्हणतो. त्याच वेळी निरंकुश राजाच्या इच्छेला धर्म तेवढा आवर घालू शकतो, अशी कबुलीही तो देतो. एकीकडे इस्लाम निरंकुशतेचा आधार आणि दुसरीकडे तोच तिचा एकमेव अडथळा, ही विसंगती त्याने कोठेही सोडवलेली नाही.

२. मांडणीचा आधार

माँटेस्क्यू आशियात कधी आला नाही. त्याची सामग्री प्रवाशांच्या वृत्तांतांतून आली. मोगल हिंदुस्थानासाठी त्यांपैकी महत्त्वाचा होता फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य. शहाजहानच्या पुत्रांमधील वारसायुद्धाची त्याची हकीकत १६७० मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाली. उज्जैनजवळ धर्मत येथे एप्रिल १६५८ मध्ये औरंगजेब व मुराद बख्श यांनी जसवंतसिंहाच्या नेतृत्वाखालील शाही सैन्याचा पराभव केला, त्या लढाईचे वर्णनही तीत आहे. लढाई झाली तेव्हा बर्निए भारतात पोचलेला नव्हता. त्याने ते ऐकून लिहिले.

या हकीकतीला जोडून बर्निएने फ्रान्सचा अर्थमंत्री कोल्बेर यास लिहिलेले पत्र अधिक परिणामकारक ठरले. हिंदुस्थानातील सर्व जमिनीचा मालक बादशहा आहे, रयतेला 'माझे-तुझे' नाही आणि म्हणून शेते ओसाड पडतात, असा त्याचा आशय. हे पत्र हिंदुस्थानाविषयी असले तरी ते फ्रान्ससाठी लिहिलेले आहे. फ्रान्सच्या राजाने प्रजेच्या मालमत्तेवर हात टाकू नये, असा इशारा त्यातून बर्निएला द्यायचा होता. माँटेस्क्यूच्या मनातही चौदाव्या लुईची एकहाती सत्ता होतीच. आशियाचा आरसा पुढे करून त्याने फ्रेंच राजाला त्याचा चेहरा दाखवला. हेतू चांगला होता. पण आरसा वाकडा होता.

बर्निएची चूक कोठे झाली, हे इरफान हबीब यांच्या मोगल शेतीव्यवस्थेवरील १९६३ च्या ग्रंथामुळे स्पष्ट होते. बर्निएने पाहिले ते जागीरदार. जागीर म्हणजे जमिनीची मालकी नव्हे, तर महसूल वसूल करण्याचा तात्पुरता अधिकार; आणि जागीरदारांची बदली दर काही वर्षांनी होत असे. त्यांच्या खाली जमीनदारीचे हक्क वंशपरंपरेने चालत, विकले जात, गहाण पडत. शेतकऱ्याचा वहिवाटीचा हक्कही मानला जाई. दरबारातून पाहणाऱ्याला बदलणारे अंमलदार दिसले, न बदलणारे गाव दिसले नाही.

युरोपातही हा आक्षेप लवकर घेतला गेला. आंकेतील-द्युपेराँ हा फारसी जाणणारा फ्रेंच विद्वान सुरतेस राहून गेला होता. १७७८ मध्ये त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहून तुर्कस्तान, इराण व हिंदुस्थान येथे राजा व प्रजा दोघांना बांधणारे कायदे आहेत आणि खाजगी मालमत्ताही आहे, असे माँटेस्क्यूच्या विरोधात प्रतिपादन केले. याच विद्वानाने दारा शुकोहने १६५७ मध्ये फारसीत करविलेल्या उपनिषदांच्या भाषांतराचे लॅटिन रूपांतर केले. भाषा जाणणारा आणि न जाणणारा, या दोघांच्या निष्कर्षांत पडलेले हे अंतर बोलके आहे.

३. हक्काची भाषा

भाषेचाच पुरावा घेतला तर मराठी माणसाला दूर जाण्याची गरज नाही. हक्क, मालक, वारस, मिरास, दावा, करार, जामीन, वकील, फैसला, कायदा हे सर्व शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि रुळले. ज्या राजवटींमधून हे शब्द आले, तेथे मालकी व वारसा या कल्पनाच नव्हत्या असे मानले, तर गावच्या पाटलापासून कुळापर्यंत सर्वांच्या तोंडी हे शब्द कशासाठी आले, याचे उत्तर देता येत नाही. शब्द व्यवहाराच्या मागोमाग येतात.

'मिरास' हा शब्द अरबीत वारशाचा वाचक आहे. मराठी मुलखात मिरासदार म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला शेतकरी, आणि उपरी म्हणजे तसा हक्क नसलेला. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल तयार केला, त्यात दख्खनच्या रयतेपैकी मोठा भाग ठरीव सारा भरून आपल्या जमिनीचा मालक आहे, हे त्याने नमूद केले.

'महजर' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. 'हजर' ज्या धातूपासून आला त्याच धातूचा हा शब्द. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा किंवा मजलिस भरे, साक्षी होत, आणि निवाडा सर्वांच्या हजेरीत कागदावर उतरे, तो महजर. त्यावर देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार आणि अनेक ठिकाणी काझी यांच्या निशाण्या व शिक्के असत. असे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत. आशियात प्रजेच्या मालमत्तेला किंमत नसल्याने तंटे चटकन मिटवले जातात, आणि न्यायातील विलंब व सोपस्कार ही तर स्वातंत्र्याची किंमत असते, असे माँटेस्क्यूचे मत आहे. वतनाच्या तंट्यांचे रुमाल त्याच्यासमोर ठेवले असते तर त्याच्याच कसोटीने मराठी मुलूख निरंकुश ठरला नसता.

याहून महत्त्वाची गोष्ट पदांची. वारशाने मिळणारी व विकता येणारी पदे राजेशाहीत हितकारक असतात, असे माँटेस्क्यूने आग्रहाने मांडले आहे. कारण अशा पदांमुळे राजाच्या मर्जीबाहेरचे स्थिर वर्ग तयार होतात. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांचे स्वरूप नेमके हेच होते. 'वतन' हा शब्द त्याला ठाऊक नव्हता, पण ज्या मधल्या सत्तांचा तो शोध घेत होता त्या येथे होत्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे 'द स्पिरिट ऑफ द लॉज'च्या सुमारे तीस वर्षे आधी, वतनदारांचा प्रश्न चर्चिला आहे. अमात्यांच्या दृष्टीने वतनदार म्हणजे राज्याचे लहान भागीदारच. त्यांना मोडताही येत नाही आणि मोकळे सोडताही येत नाही. माँटेस्क्यू मधल्या सत्तेकडे राजापासून संरक्षण म्हणून पाहतो, अमात्य तिच्याकडे रयतेवरील संकट म्हणूनही पाहतात. त्याच ग्रंथात आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेची आंबा-फणसाची झाडे धन्याच्या राजीखुशीशिवाय व मोबदल्याशिवाय तोडू नयेत, अशी ताकीद आहे. झाडाला धनी आहे, हे राजसत्तेने मान्य केल्याशिवाय अशी ताकीद लिहिली जात नाही.

४. माळव्याचा पुरावा

आता उज्जैनकडे वळू. महाकालेश्वर मंदिराच्या नंदादीपासाठी रोज चार शेर तूप द्यावे, अशी शाहजादा मुराद बख्श याच्या नावाची हिजरी १०६१ ची, म्हणजे इ. स. १६५१ ची सनद अभ्यासकांना परिचित आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती प्रकाशात आली. व्याख्यानांतून ही सनद अनेकदा औरंगजेबाची म्हणून सांगितली जाते. तारखेवरून ती शहाजहानच्या कारकिर्दीतील ठरते. सलोख्याचा पुरावा म्हणून तिचे मोल कमी होत नाही. परंतु पुरावा द्यायचा तर तारखेसह द्यावा, हे संशोधनाचे पथ्य आहे.

या सनदेने माँटेस्क्यूला उत्तर मिळते काय? केवळ सनदेने मिळत नाही. तो म्हणेल, ही तर राजाची कृपा. आज दिली, उद्या काढून घेतली. कृपा आणि हक्क यांत फरक आहे, हा त्याचा मुद्दा रास्त आहे. म्हणून देणगी कोणी दिली यापेक्षा ती पुढच्याने का चालू ठेवली, हा प्रश्न महत्त्वाचा. सनदा नव्या अंमलदारापुढे ठेवल्या जात, त्यांच्या नकलांवर काझीचा शिक्का घेतला जाई आणि जुनी वहिवाट दाखवून त्या पुन्हा मान्य करून घेतल्या जात. कृपेचे हक्कात रूपांतर होण्याचा मार्ग हाच होता.

उज्जैनहून फार दूर नसलेल्या धार येथील एका चौधरी घराण्याच्या कागदपत्रांवर नंदिनी चटर्जी यांनी २०२० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. मोगल, मराठा व ब्रिटिश अशा तीन राजवटींत या घराण्याने आपले हक्क कागदांच्या बळावर कसे टिकवले, हे त्यात दाखवले आहे. हे घराणे हिंदू, कागद फारसी, शिक्के काझीचे. आणि वाद होता हक्काचा. सत्ताधाऱ्याशी जुळवून घेणे, प्रसंगी बळाचा वापर करणे, हेही त्यात आहे. पण प्रत्येक वेळी अखेरीस कागद करावा लागला.

ज्यांच्या हाती तलवार होती त्यांनाही कागदाची गरज वाटली. मराठ्यांनी माळवा प्रत्यक्षात जिंकला होता. १७३८ मध्ये भोपाळजवळ निजामाला कोंडीत पकडून नर्मदा व चंबळ यांमधील प्रदेश देण्याचे त्याच्याकडून कबूल करून घेतले होते. तरीही पेशव्यांनी बादशहाकडे आग्रह धरला आणि १७४१ मध्ये माळव्याची नायब सुभेदारी रीतसर मिळवली. राणोजी शिंदे तोवर उज्जैनीस स्थिर झाले होते आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. हिंदुस्थानात कायदा म्हणजे राजाची लहर, असे माँटेस्क्यू लिहीत होता त्याच दशकात येथे विजेता पराभूताकडून सनद मागत होता.

५. मुराद बख्शचा खटला

येथवरच्या पुराव्यावरून माँटेस्क्यूचे वर्णन चुकीचे ठरते. परंतु ज्या मुरादच्या नावाने महाकालाच्या दिव्याची सनद आहे, त्याच मुरादचा शेवट पाहिला म्हणजे चिकित्सेची दुसरी बाजू समोर येते.

मुरादने १६५७ मध्ये गुजरातेत आपला दिवाण अली नकी याला ठार केले होते. धर्मतच्या विजयानंतर अवघ्या काही आठवड्यांनी औरंगजेबाने मुरादला मथुरेजवळ कैद केले व ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवले. पुढे अली नकीच्या मुलाने किसासची, म्हणजे खुनाबद्दल प्राणदंडाची, मागणी केली. काझीपुढे प्रकरण चालले आणि डिसेंबर १६६१ मध्ये मुरादला देहदंड देण्यात आला.

या खटल्यात फिर्यादी होता, कायद्याचे कलम होते, काझी होता, निवाडा होता. फिर्याद खोटीही नव्हती. कमी होती ती एकच गोष्ट: मुराद तख्ताचा दावेदार नसता तर ही फिर्याद उभी राहिली असती काय, हे विचारणारी स्वतंत्र जागा. निरंकुश राज्यांत वारसाहक्काचा ठरीव नियम नसतो, म्हणून भाऊ भावाचा जीव घेतो, असे माँटेस्क्यूने लिहिले आहे. या मुद्द्यावर मोगल इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. कायदा नव्हता, हे त्याचे म्हणणे खोटे. पण कायदा असूनही सत्ता त्याला आपल्या कामी लावू शकते, हे त्याचे खोलवरचे भय खरे.

६. न्यायाधीश आणि संस्था

शहाजहान हयात असताना औरंगजेबाच्या राज्यारोहणाला मान्यता देण्यास तत्कालीन मुख्य काझी तयार नव्हता. गुजरातचा काझी अब्दुल वहाब याने अनुकूल मत दिले आणि मुख्य काझीचे पद त्याला मिळाले. त्याचाच मुलगा शेख-उल-इस्लाम पुढे त्या पदावर आला. विजापूर व गोवळकोंडा या मुस्लिम राज्यांवरील युद्ध शरीअतनुसार योग्य आहे, असा निर्वाळा देण्यास त्याने नकार दिला आणि पद सोडून तो मक्केला निघून गेला. एकाच घरातील बाप आणि मुलगा; पद एक, कायदा एक, बादशहाही एकच.

मराठी परंपरेतही असाच दाखला आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना दोषी ठरवून देहांत प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे महाराष्ट्राच्या स्मृतीत आदराने जपले गेले आहेत. शेख-उल-इस्लाम काय किंवा रामशास्त्री काय, दोघांनाही नकार देता आला, आणि दोघांनाही त्यानंतर पद सोडावे लागले. निवाडा अमलात आला नाही, युद्धही थांबले नाही. सद्सद्विवेक होता, त्याच्या पाठीशी संस्था नव्हती. या उणिवेचे नाव माँटेस्क्यूने दिले, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही.

७. मानवी स्वभाव : मूळ अंतर्विरोध

सत्ता हाती आलेला प्रत्येक माणूस तिचा गैरवापर करण्याकडे झुकतो आणि कोणी अडवीपर्यंत पुढे जात राहतो, म्हणून सत्तेने सत्तेला आवर घालावा, हे माँटेस्क्यूचे सर्वांत प्रसिद्ध विधान आहे. यात 'प्रत्येक' हा शब्द कळीचा आहे. हे विधान मानवी स्वभावाविषयी आहे. उष्ण किंवा थंड हवेविषयी नाही. फ्रेंच राजा आणि तुर्की सुलतान, दोघेही त्यात येतात.

मग हवामानाचा सिद्धांत कशासाठी? स्वभाव सर्वत्र एकच असेल तर निरंकुशता हा कोणत्याही देशाला जडू शकणारा रोग आहे; आशियाचा जन्मजात गुणधर्म नव्हे. आणि ती हवामानाचा परिणाम असेल तर थंड देशांना सत्ताविभाजनाची गरजच नाही. दोन्ही विधाने एकदम खरी असू शकत नाहीत. माँटेस्क्यूच्या विचारातील मूळ अंतर्विरोध हा आहे, आणि पुढच्या काळाने त्यातील दुबळे विधान उचलून आशियावर लादले.

माणसाच्या आक्रमक वृत्तीला आवर घालणारी सत्ता हवी, आणि ती सत्ताच लोकांची मालमत्ता हिरावू लागली तर लोकांचा कष्टाचा उत्साह मरतो व वस्ती उजाड होते, हा विचार इब्न खल्दूनने 'मुकद्दिमा'त १३७७ मध्ये मांडला होता. नसीरुद्दीन तूसीच्या तेराव्या शतकातील 'अखलाक-ए-नासिरी'त माणसाला समाजाची व समाजाला न्यायाची गरज सांगितली आहे. हा ग्रंथ अकबराच्या दरबारात वाचला जात असे. तेव्हा जुलमी सत्तेची चिकित्सा आशियाला अपरिचित नव्हती. फरक इतकाच की तूसीने राजाला न्यायी होण्याचा उपदेश केला, माँटेस्क्यूने राजा न्यायी नसला तरी चालेल अशी रचना शोधली. हा फरक लहान नाही.

८. परिणाम

जेम्स मिलच्या १८१७-१८ च्या इतिहासात हिंदुस्थानातील जमिनीची मालकी राजाकडे होती, हे मत ठामपणे आले. सर्व काही राजाचे असेल तर नवा राजा त्याचा वारस ठरतो. म्हणून हे मत नव्या राज्यकर्त्यांना सोयीचे होते. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने सनदा तपासण्यास सुरुवात केली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असूनही कागद अपुरा म्हणून अनेक इनामे खालसा झाली. निरंकुश सत्तेच्या विरोधात लिहिलेल्या सिद्धांताची अर्धी बाजू अशा रीतीने सत्तेच्याच उपयोगी पडली.

उरलेली अर्धी बाजू भारताने आपल्या संविधानात घेतली. अनुच्छेद ५० न्यायव्यवस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी ठेवण्यास सांगतो. पण रचना उभी केली म्हणजे भय संपले, असे नाही. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने स्थानबद्धांचा न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग बंद मानला. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे मत एकटे पडले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश नेमण्यात आले व त्यांनी राजीनामा दिला. मात्र या वेळी त्यांचे भिन्नमत निकालाचा भाग म्हणून नोंदले गेले, आणि २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने जुना निकाल चुकीचा ठरवला. शेख-उल-इस्लामच्या नकाराला अशी जागा मिळाली नव्हती.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, मोगल व मराठा हिंदुस्थानात कायदा व मालमत्ता नव्हती, हे माँटेस्क्यूचे वर्णन माळव्याच्या आणि मराठी मुलखाच्या कागदपत्रांपुढे टिकत नाही. दुसरा, सत्तेच्या स्वभावाविषयीचे त्याचे मत त्याच कागदपत्रांतून पुष्ट होते. मुरादचा खटला हा त्याचा ठळक पुरावा आहे. तिसरा, त्याच्या ग्रंथातील सार्वत्रिक मानवी स्वभाव आणि हवामानाने ठरलेला मानवी स्वभाव यांपैकी एकच निवडता येतो, आणि निवडायचा तर पहिला.

हे काम पुढे नेण्यासाठी फारसी, मोडी व मराठी या तिन्ही अंगांनी कागद वाचू शकणारे अभ्यासक हवेत. उर्दूच्या विद्यार्थ्याला फारसी मजकूर उमगतो, मराठीच्या विद्यार्थ्याला महजराची रीत ठाऊक असते. दोघे वेगवेगळ्या वर्गांत बसतात म्हणून एकाच सनदेचे दोन अर्धे वेगळे पडतात. महाकालाच्या दिव्याची सनद कोणाच्या बाजूची, हा वाद घालण्यापेक्षा ती पुढे किती पिढ्या आणि कोणाकोणाच्या शिक्क्याने चालली, हे शोधणे अधिक उपयोगाचे आहे. राजा चांगला होता की वाईट, एवढेच विचारत राहिलो तर माँटेस्क्यूच्याही मागे राहू. वाईट राजाच्या काळात रयतेला कशाच्या आधारे उभे राहता आले, हा प्रश्न विचारणे हीच त्याच्या विचाराची खरी परीक्षा आहे.